बेताचे उत्पन्न, वंध्यत्वोपचार आणि एकल मातृत्व

जोडीदाराशिवाय, दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने आई होण्याचा मार्ग भारतातील स्त्रीला आता कायद्याने मोकळा आहे. 25 जानेवारी 2022 रोजी अमलात आलेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 याने उपचारांस पात्र असणाऱ्यांत वंध्यत्वाने त्रस्त विवाहित दांपत्याबरोबर 21 वर्षांवरील स्त्रीलाही स्वतंत्र स्थान दिले असून तिच्यासाठी वयाची वरची मर्यादा 50 वर्षे ठेवली आहे. ती अविवाहित आहे, घटस्फोटित आहे की विधवा, याने तिच्या पात्रतेत फरक पडत नाही. त्याच दिवशी अमलात आलेला सरोगसी (नियमन) कायदा एवढा उदार नाही, कारण दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याची मुभा त्याने एकट्या स्त्रियांपैकी केवळ 35 ते 45 वयाच्या विधवा व घटस्फोटितांना दिली आहे. अविवाहित स्त्रीला त्यामुळे स्वतःचे गर्भारपण गृहीत धरूनच पुढची आखणी करावी लागते, आणि उत्पन्न बेताचे असेल तर त्या आखणीत डॉक्टरांच्या सल्ल्याइतकेच वजन पैशाच्या हिशेबाला येते.

हा हिशेब बहुधा ज्या ठिकाणी बिघडतो ते ठिकाण पुण्यातील एका खाजगी शिक्षणसंस्थेत लिपिकाची नोकरी करणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या, तसेच उपचारांच्या काळात तिच्या ओळखीच्या झालेल्या इतर स्त्रियांच्या अनुभवातून स्पष्ट होते. घरातून आणि दवाखान्यातून विचारला जाणारा प्रश्न एका उपचारचक्राचा खर्च झेपेल का, एवढाच असतो. पहिले चक्र निष्फळ गेल्यावर दुसऱ्याचा आणि दुसऱ्यानंतर तिसऱ्याचा खर्च त्याच पुंजीतून निघत जातो, आणि मूल होईल त्या दिवशी ते वाढवायला हाताशी काय उरेल, हा प्रश्न कोणी कागदावर मांडलेलाच नसतो. उपचारांचा पैसा आणि मुलाचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवणे, आणि उपचार कोठे थांबवायचे हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी ठरवणे, या दोन गोष्टींभोवती पुढील विवेचन फिरते.

उपचारांच्या पायऱ्या

एकट्या स्त्रीच्या बाबतीत एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी लागते: तिला वंध्यत्व असेलच असे नाही, तिच्याकडे फक्त शुक्राणू नसतात. म्हणून सर्वांत महागड्या उपचाराकडे थेट जाण्यापूर्वी प्राथमिक तपासण्या पूर्ण होणे आवश्यक असते. अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा कितपत उरला आहे याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्तचाचणी, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान फॉलिकल्सची, म्हणजे बीज ज्यात वाढते त्या सूक्ष्म पिशव्यांची मोजणी, थायरॉइड व प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या चाचण्या आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे दाखवणारा एचएसजी नावाचा एक्स-रे, एवढ्या तपासण्यांवरून पुढची दिशा बरीचशी ठरते. एएमएचचा आकडा साठ्याविषयी बोलतो, बीजांच्या प्रतीविषयी बोलत नाही. प्रत मुख्यतः वयावर अवलंबून असते आणि पस्तिशीनंतर ती उतरू लागून चाळिशीच्या आसपास वेगाने घसरते, हे माहीत असलेली स्त्री कमी आकड्याने घाबरून घाईचा निर्णय घेत नाही आणि चांगल्या आकड्यावर विसंबून वर्षेही दवडत नाही.

पहिली पायरी आययूआयची असते. तीत वीर्यपेढीकडून आलेला, प्रयोगशाळेत स्वच्छ केलेला शुक्राणूंचा नमुना बीज सुटण्याच्या सुमारास एका बारीक नळीने गर्भाशयात सोडला जातो. भूल लागत नाही, काम काही मिनिटांत होते आणि खर्च आयव्हीएफच्या मानाने थोडा असतो. एका खेपेस यश मिळण्याची शक्यता मात्र कमी असल्याने ही पायरी एकाच प्रयत्नाची न समजता काही चक्रांची समजावी लागते. वय पस्तिशीच्या आत असून नलिका मोकळ्या असतील तर ही पायरी का वगळायची, असा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा. वय चाळिशीकडे झुकलेले असेल तर हाच प्रश्न उलट्या बाजूने, म्हणजे आययूआयवर वेळ का घालवायचा, असा विचारावा.

दुसरी पायरी आयव्हीएफची. भारतात 1986 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे तंत्र यशस्वी करून दाखवले, त्याची रूपरेषा आजही तीच आहे: साधारण आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शने घेऊन अनेक बीजे एकाच वेळी वाढवायची, ट्रिगरच्या इंजेक्शननंतर थोड्या वेळाच्या भुलीखाली ती सुईने बाहेर काढायची, प्रयोगशाळेत त्यांचा शुक्राणूंशी संयोग घडवायचा, तीन ते पाच दिवस वाढलेला भ्रूण गर्भाशयात ठेवायचा आणि सुमारे दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी या रक्तचाचणीची वाट पाहायची. यशाच्या अपेक्षेबाबत ब्रिटनच्या नियामक संस्थेची आकडेवारी मार्गदर्शक ठरते, कारण ती तेथील सर्व परवानाधारक केंद्रांची असते: स्वतःची बीजे वापरणाऱ्या पस्तिशीच्या आतील स्त्रियांमध्ये गर्भाशयात ठेवलेल्या दर तीन भ्रूणांमागे साधारण एक बाळ जन्माला येते, तर चाळिशी ओलांडल्यावर हे प्रमाण दहात एक किंवा त्याहूनही खाली जाते. जाहिरातीतील मोठी टक्केवारी पुष्कळदा केवळ चाचणी सकारात्मक येण्याची असते. तिच्यातून गर्भपात वजा झालेले नसतात.

अंदाजपत्रक आणि अंतिम बिल

मोठ्या शहरांतील खाजगी केंद्रांत आयव्हीएफच्या एका चक्राचा एकूण खर्च सर्वसाधारणपणे दीड ते अडीच लाख रुपयांच्या घरात जातो, परंतु पहिल्या भेटीत हातात पडणारा कागद त्याहून बराच कमी आकडा दाखवतो. प्रस्तुत लेखिकेला एका केंद्रात मिळालेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत पॅकेजची रक्कम होती आणि खाली बारीक अक्षरांत वगळलेल्या बाबी होत्या: बीजवाढीची इंजेक्शने, दात्याचा नमुना, भूलतज्ज्ञाचे शुल्क, भ्रूण गोठवणे, गोठवलेल्या भ्रूणांचे वार्षिक भाडे, आणि ते भ्रूण पुढील महिन्यात गर्भाशयात ठेवण्याची वेगळी प्रक्रिया. इंजेक्शनांची मात्रा वय आणि साठा यांनुसार बदलत असल्याने त्यांचा खर्च आगाऊ सांगता येत नाही, हे खरे. तथापि किमान आणि कमाल अशा दोन रकमा लिहून मागितल्यास बहुतेक समुपदेशक त्या देतात. मागण्याजोगा कागद तोच असतो: सर्व बाबी धरून कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि चक्र मध्येच रद्द झाले तर परत काय मिळेल.

दात्याच्या नमुन्याचा खर्च एकट्या स्त्रीला चुकत नाही, म्हणून त्यामागची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. नव्या कायद्यानुसार दात्यांची निवड, तपासणी आणि नमुन्यांची साठवण केवळ नोंदणीकृत पेढीनेच करावयाची असते; ओळखीच्या मित्राने दवाखान्यात येऊन नमुना द्यावा, ही वाट त्यामुळे उरलेली नाही. शुक्राणुदाता 21 ते 55 वयाचा असावा लागतो, त्याची एचआयव्ही व कावीळ यांसारख्या संसर्गांसाठी तपासणी होते, आणि एका दात्याचे नमुने एकाहून अधिक दांपत्यांना पुरवण्यास पेढीला मनाई आहे. दाता पालकत्वाचे सर्व हक्क सोडून देतो आणि त्याची ओळख उघड केली जात नाही. पुढेमागे दुसऱ्या मुलाचा विचार होण्याचा संभव असेल तर त्याच दात्याचे जादा नमुने राखून ठेवता येतील का, हे सुरुवातीलाच विचारावे, कारण नंतर ते मिळतीलच असे नाही.

पत्रकात नसलेले खर्चही कमी नसतात. बीजवाढीच्या दिवसांत दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफीसाठी जावे लागते आणि किरकोळ रजा भराभर संपतात. इंजेक्शनांपैकी काही शीतकपाटातच ठेवावी लागत असल्याने भाड्याच्या खोलीत किंवा वसतिगृहात राहणारी स्त्री ती कोठे ठेवणार, हा प्रश्नही बारीक वाटला तरी खरा असतो. लेखिकेच्या ओळखीची एक परिचारिका आपली इंजेक्शन पेने घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे, मधुमेहाचे औषध म्हणून ठेवत असे. आरोग्यविम्याचा आधार येथे सहसा मिळत नाही, कारण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत वंध्यत्वोपचारांना स्वतंत्र कलम आहे आणि बहुतेक पॉलिसींत ते जसेच्या तसे असते. प्रसूतीचा खर्च देणाऱ्या पॉलिसीलाही प्रतीक्षाकाळ असतो. ती घ्यायचीच असेल तर उपचार सुरू होण्याच्या पुष्कळ आधी घ्यावी लागते.

सरकारी सोयींची चौकशी म्हणून पहिल्या आठवड्यातच करावी. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2023 पासून आयव्हीएफ विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले आहे, आणि मुंबईत कामा रुग्णालयातही सरकारी केंद्र सुरू झाले आहे. अशा ठिकाणी फोनवरून माहिती घेण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन रहिवासाची अट, प्रतीक्षायादी, औषधे बाहेरून आणावी लागतात का आणि एकट्या स्त्रीसाठी दात्याच्या नमुन्याची सोय होते का, हे चार प्रश्न विचारावेत.

थांबण्याची मर्यादा

उपचारांच्या मध्यावर घेतलेला निर्णय क्वचितच थंड डोक्याचा असतो, कारण संप्रेरकांचा परिणाम, झालेला खर्च आणि पुढच्या खेपेस होईल ही आशा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात. आतापर्यंत घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घालणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि बिनव्याजी हप्त्यांची योजना दाखवणारी केंद्रे त्याला खतपाणी घालतात. यावर उपाय एकच दिसतो: पहिल्या चक्रापूर्वी तीन मर्यादा लिहून ठेवाव्यात. पहिली मर्यादा एकूण रकमेची, दुसरी आययूआय व आयव्हीएफच्या खेपांची, आणि तिसरी वयाची, म्हणजे कोणत्या वाढदिवसानंतर स्वतःच्या बीजांनी प्रयत्न करायचा नाही याची. हा कागद विश्वासातल्या एका व्यक्तीजवळ, मग ती बहीण असो, मैत्रीण असो वा मावशी, ठेवल्यास तो मोडताना निदान एकदा तरी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

रकमेची मर्यादा ठरवण्याची रीत उलटी असावी. बँकेतील शिलकीतून उपचारांना किती देता येतील असे न पाहता आधी मुलाच्या बाजूचा आकडा काढावा: प्रसूतीचा खर्च, रजेनंतरच्या काळात बिनपगारी राहण्याची वेळ आल्यास निदान सहा महिन्यांचा घरखर्च, पाळणाघराची अनामत आणि पहिल्या वर्षाचे शुल्क, आणि स्वतःच्या आयुष्याचा टर्म विमा. ही रक्कम वेगळ्या मुदतठेवीत ठेवल्यानंतर जे उरते तेच उपचारांचे अंदाजपत्रक. भिशीचा नंबर, पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण ही साधने वाईट नाहीत, परंतु हप्ता प्रसूतीच्या रजेपर्यंत लांबत असेल तर तो बाळाच्या दुधाच्या पैशांतून फेडला जाणार, हे गृहीत धरावे.

खर्च वाढवणाऱ्या ॲड-ऑन, म्हणजे मूळ उपचाराला जोडल्या जाणाऱ्या जादा प्रक्रियांबाबतही असाच सावधपणा लागतो. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देणे, अस्तराची ग्रहणक्षमता तपासणे, भ्रूणाच्या गुणसूत्रांची चाचणी करणे अशा प्रक्रिया पहिले चक्र फसले की सुचवल्या जातात. काही विशिष्ट रुग्णांत त्यांना जागा असू शकते; पण ब्रिटनच्या नियामक संस्थेने पुराव्यांच्या आधारे अशा प्रक्रियांना रंगांच्या श्रेणी दिल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच प्रक्रियांमुळे मूल होण्याची शक्यता वाढते असे सिद्ध झालेले नाही. आपल्याच बाबतीत ही चाचणी कशासाठी आणि तिच्या निकालाने उपचारात नेमका कोणता बदल होणार, या प्रश्नाचे सरळ उत्तर न मिळाल्यास ती नाकारण्यास संकोच करू नये.

धोके आणि जुळ्यांचा प्रश्न

वैद्यकीय धोक्यांपैकी दोन विशेष जाणून घ्यावेत. इंजेक्शनांना अंडाशयांनी अतिरेकी प्रतिसाद दिल्यास ओएचएसएस ही अवस्था उद्भवते. पोट फुगते, वजन झपाट्याने वाढते, धाप लागते आणि प्रसंगी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हा धोका अधिक असतो, आणि त्या रात्री रिक्षा करून सोबत येणारे माणूस कोण, हे एकट्या राहणाऱ्या स्त्रीने बीजे काढण्याच्या आधीच पक्के करून ठेवावे. दुसरा धोका जुळ्यांचा आहे. दोन भ्रूण एकदम ठेवले तर एका खर्चात शक्यता दुप्पट होते, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात जुळी बाळे बहुधा दिवस भरण्याआधी आणि कमी वजनाची जन्मतात, मातेला रक्तदाब व मधुमेहाचा त्रास अधिक संभवतो, आणि नवजात अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला तर वाचवलेल्या चक्राच्या कितीतरी पट रक्कम तेथे जाते. एका पगारावर आणि दोन हातांवर घर चालणार असेल तर एका वेळी एकच भ्रूण ठेवण्याचा आग्रह धरणे हाच हिशेबी निर्णय ठरतो. राहिलेले भ्रूण दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवण्याची मुभा कायद्यात आहे.

कागदपत्रे

केंद्राची निवड करताना त्याची राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणी आणि तिची मुदत पाहावी. केवळ आययूआय करणारी केंद्रे पहिल्या स्तरात आणि आयव्हीएफही करणारी दुसऱ्या स्तरात मोडतात. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणे बंधनकारक आहे आणि तेथे दाद लागली नाही तर राज्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे जाता येते. मुलगा हवा की मुलगी, अशी निवड देऊ करणारे केंद्र गुन्हा करत असते. तेथून परत फिरावे.

संमतिपत्रे दांपत्यांसाठी छापलेली असल्याने एकट्या स्त्रीसमोर पतीच्या सहीचा रकाना येतोच. प्रस्तुत लेखिकेला एका केंद्राच्या खिडकीवर तो रकाना वडिलांनी किंवा भावाने भरावा असे सांगण्यात आले होते. कायद्यात अशी कोणतीही अट नाही. रकान्यावर रेघ ओढून ‘लागू नाही’ असे लिहावे, शेजारी स्वतःची सही व तारीख घालावी, आणि भरलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत मागून घ्यावी. दात्याचा सांकेतिक क्रमांक, रक्तगट व तपासण्यांचे अहवाल यांची फाइल घरी जपून ठेवावी, कारण मुलाच्या आजारपणात किंवा त्याच्या स्वतःच्या प्रश्नांना उत्तर देताना तीच उपयोगी पडते.

जन्मनोंदणीच्या बाबतीत वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. अविवाहित आईला पित्याचे नाव सांगण्याची सक्ती न करता पालकत्व मिळू शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये स्पष्ट केले. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा उपचारांतून आई झालेल्या एकट्या स्त्रियांसाठी पित्याचा रकाना नसलेला वेगळा नमुना करण्याचे आदेश दिले. पारपत्रासाठी एकाच पालकाचे नाव पुरते आणि 2018 पासून एकल मातेच्या अपत्याला पॅन कार्डावर वडिलांचे नाव देणे अनिवार्य नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत आईचे नाव आवश्यक झाले आहे. जातीच्या दाखल्यासाठी मात्र सर्वसाधारणपणे वडिलांकडच्या नात्यांचे पुरावे मागितले जातात. ज्या स्त्रीला मुलासाठी तो लागणार आहे तिने शाळाप्रवेशाची वेळ येण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

बाळंतपण आणि त्यानंतर

नोकरदार स्त्रीला मिळणारी प्रसूती रजा तिच्या विवाहावर अवलंबून नसते. 1961 च्या कायद्याने आणलेली ही तरतूद 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते, आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते. राज्य कामगार विम्याखाली येणाऱ्या स्त्रीला हाच लाभ त्या योजनेतून मिळतो. कंत्राटी नोकरी असेल तर कंत्राटाच्या नूतनीकरणाची तारीख आणि प्रसूतीची संभाव्य तारीख एकमेकींवर येत नाहीत ना, हे पाहूनच चक्राचा महिना निवडावा. लेखिकेला भेटलेल्या स्त्रियांपैकी ज्यांची घडी बसली त्यांनी हीच काळजी घेतली होती.

आपल्यानंतर मुलाचे कोण, हा प्रश्न अप्रिय असला तरी टाळण्याजोगा नाही. टर्म विमा, मृत्युपत्र आणि त्यात पालक म्हणून नेमलेल्या व्यक्तीची आगाऊ संमती ही तीन कामे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत उरकावीत. ज्या मावशीने किंवा मामाने ‘मी आहे ना’ असे म्हटले असेल त्यांनी आठवड्यातले कोणते दिवस आणि किती तास, हेही सांगावे, अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. लिहून ठेवलेली मर्यादा संपली आणि मूल झाले नाही, तर पुढचा विचार त्याच शिस्तीने करावा. एकटी स्त्री कायद्याने मुलगा वा मुलगी यांपैकी कोणालाही दत्तक घेऊ शकते, परंतु एकट्या पालकाला दोन वर्षांखालील मूल हवे असल्यास वयाची मर्यादा 40 वर्षांची आहे आणि प्रतीक्षा दीर्घ असते. म्हणून दत्तकाची नोंदणी उपचार संपण्याची वाट न पाहता कधी करायची, ही तारीखही त्याच कागदावर चौथी नोंद म्हणून असावी. मुलासाठी बाजूला ठेवलेली मुदतठेव जिने उपचारांत मोडलेली नसते, तिच्यापुढे हा दुसरा रस्ता खऱ्या अर्थाने खुला राहतो.